मुंग्यांचं ऐकलंस, माझं नाही

दादा, तुझ्या पुण्यानुमोदनाला मी बोलले नाही. वंदना झाली, विहारासमोरच्या मांडवात माइक फिरला आणि जो तो उठून तुझं गुणगान गाऊ लागला. भाऊ म्हणजे हाडाचा प्रामाणिक माणूस. भाऊनं जिनिंगमध्ये कधी कोणाच्या कापसाचा दर्जा मुद्दाम खाली पाडला नाही. भाऊले आपल्या आंगात काय चालू हाय ते डॉक्टरच्या आधी समजे. हे शेवटचं ऐकलं आणि मी उठून मागे स्वयंपाक चालला होता तिकडे गेले. तिथे थांबले असते तर माइक हिसकावून तुला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या. साठीला आलेल्या, शाळेतून रिटायर झालेल्या बाईनं सख्ख्या मेलेल्या भावाला शिव्या घातल्या, हे आपल्या फुलसावंगी गावाला पुढची वीस वर्षं पुरलं असतं.

तिथूनही मांडव दिसत होता. शेवटी तुझा शेजारी उठला, रोज सकाळी तुझ्या ओट्यावर बसून चहा पिणारा. म्हणाला, नवी गोळी चालू केली अन् महिनाभरात धडधाकट माणूस गेला. शुगरच्या गोळ्या माणसाले आतून खाऊन टाकतात. मांडवातल्या निम्म्या माना हलल्या. वहिनी पुढच्याच रांगेत बसली होती. त्या दिवसापासून तिनं स्वतःची शुगरची गोळी बंद केली. तिची गोळी वेगळी, रोग तोच. शेतात कापसाच्या पराटीचा खुंट लागून तिच्या पायाला अंगठ्याखाली जखम झालेली आहे, ती भरायचं नाव घेत नाही. मी पाहिली तेव्हा कडा पांढऱ्या पडल्या होत्या आणि ती म्हणाली, दुखत नाही. शुगरवाल्याची जखम दुखत नाही म्हणजे नसा बधिर झाल्या, हे तुला ठाऊक होतं. तू गेलास तो गेलास, आता तिला बोलवून घेतोस का?

म्हणून लिहायला बसले. गुणगान ज्यांना करायचं त्यांनी केलं. मला तुझ्याशी भांडायचं आहे. लिहिताना माझी शाळेतली भाषा येते आणि तू 'आल्या बाईसाहेब' म्हणून हसायचास, तर हस.

तू जन्मभर महागावच्या जिनिंगमध्ये ग्रेडर होतास. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचास, मूठभर बाहेर काढून दाबायचास, सरकी दाताखाली फोडून कान देऊन ऐकायचास आणि सांगायचास, ओला आहे, वाळवून आणा. मालकानं ओलावा मोजायची मशीन आणली तेव्हा तिच्याकडे सवतीकडे बघावं तसा बघायचास. मशीन आणि तुझे दात यांचं जमलं नाही की चूक मशीनचीच. आणि खरं सांगते, बरेचदा ती मशीनचीच निघायची. तिथेच तुझं डोकं बिघडलं. एखाद्या माणसाचं दहादा बरोबर निघालं की अकराव्यांदा तो कोणाचं ऐकत नाही, आणि तुझं तर शंभरदा बरोबर निघालं असेल.

शुगरसुद्धा तूच शोधलीस. घरात बाथरूम असताना तू मागच्या आवारात चिंचेखाली लघवीला जायचास. एक दिवस तिथे मुंग्यांची रांग दिसली. तू दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं, मग स्वतः जाऊन रक्त तपासलंस आणि लॅबवाल्यानं आकडा सांगितल्यावर असा हसलास की जसा काही गुलाल तुलाच लागला. त्यानंतर तू गावाचा मुंग्यांचा डॉक्टर झालास. कोणाला तहान लागते, कोणाचं वजन उतरतं, तो तुझ्याकडे यायचा. तू त्याला जागा नेमून द्यायचास, पाणी टाकू नको म्हणायचास आणि सकाळी जातीनं पाहायला जायचास. मी एकदा हे पाहिलं आणि लाजेनं मान खाली घातली. तू म्हणालास, यात लाजायचं काय, ऐकीव गोष्ट मानायची नाही, स्वतः तपासायचं, विहारात आपण काय शिकलो? अंगाऱ्या-धुपाऱ्याला हसणारा माणूस तू. तुझ्या लेखी मुंग्या म्हणजे विज्ञान.

आणि त्या तेव्हा खरंच बोलल्या होत्या, हीच तर पंचाईत. रक्तातली साखर फार चढली की ती लघवीत उतरते आणि मुंग्यांना वास लागतो. एवढं बरोबर होतं.

मग तुझी जुनी गोळी पुरेना झाली. पुसदच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच तुला नेलं, बोरी अरबच्या माझ्या घरून खास येऊन, कारण वहिनीसोबत गेला असतास तर तिला तू बाहेर बाकावर बसवून ठेवलं असतंस. बाईंनी नवी गोळी लिहिली आणि लहान पोराला सांगावं तसं समजावून सांगितलं. मूत्रपिंडं रक्त गाळतात. गाळताना साखरही खाली उतरते, पण शरीर कंजूष, ते उतरलेली साखर पुन्हा उचलून रक्तात घालतं. ही गोळी ते उचलणं अडवते. मग साखर लघवीवाटे निघून जाते आणि रक्तातली कमी होते. हृदयाला आणि मूत्रपिंडांनाही ती चांगली. फक्त पाणी भरपूर प्या, स्वच्छता ठेवा आणि उपाशी राहू नका. उलट्या झाल्या, ताप आला, जेवण तुटलं तर गोळी बंद करून लगेच या. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. तू मान डोलावलीस. कापूसवाले आपल्या मालाची तारीफ करायचे तेव्हा तू अशीच मान डोलवायचास, आणि मग हात आत घालायचास.

परत येताना एसटीत आपलं भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून पुन्हा सांगते. तू म्हणालास, लघवीतून साखर पडून राह्यली म्हणजे आंगात ते किती असन विचार कर. मी म्हटलं, अरे बाबा, पडते म्हणूनच आत कमी होते. आधी ती ओसंडून पडत होती, आता गोळी तिला मुद्दाम बाहेर काढते. आता मुंग्या आल्या तर गोळी काम करते असं समज. तू म्हणालास, मंग मुंग्या यायच्या तरी साखर जास्त अन् मुंग्या यायच्या तरी साखर कमी, असं कसं होईन? मी सांगायला लागले तर तू खिडकीकडे तोंड केलंस. कंडक्टरसुद्धा हसला. माझ्या सबंध नोकरीत इतका ढ पोरगा माझ्या वर्गात बसला नाही, आणि तरी तू ढ नव्हतास. प्रश्न तू बरोबर विचारला होतास. उत्तर ऐकायची तेवढी तयारी नव्हती.

आठवडाभरात तुझा फोन आला. मुंग्या आल्या होत्या, आणि अशा की पहिल्या वर्षीही नव्हत्या. तुझ्या आवाजात भीती होती, ती मी कधी ऐकली नव्हती, म्हणून मी चिडले नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. म्हटलं, रक्त तपासून पाहा, घरात मशीन आहे. तुझ्या पोरानं पुण्याहून पाठवलेली ती शुगरची मशीन तू कपाटात डब्यात टाकून ठेवली होतीस. तू म्हणालास, मशिनीचं मले सांगू नको, आणि फोन ठेवलास.

पुढे तू काय केलंस ते मला वहिनीनं सांगितलं, तेही उशिरा. तू मुंग्यांना हरवायला निघालास. आधी भात सोडलास. मुंग्या गेल्या नाहीत. मग भाकरी सोडलीस. मग फळं, मग डाळ. उकडलेली पत्ताकोबी आणि पातळ ताक एवढ्यावर आलास, आणि रोज सकाळी चिंचेखाली जाऊन पाहायचास. अरे, गोळी पोटात जात होती तोवर साखर थोडीबहुत उतरणारच होती! तू दगड खाऊन राहिला असतास तरी मुंग्या आल्या असत्या. गोळी मात्र तू एक दिवस चुकवली नाहीस. डॉक्टरचं एवढं एकच ऐकलंस, आणि तेच नेमकं ऐकायला नको होतं, कारण उपाशी असताना ती घ्यायची नाही हेही त्याच बाईंनी सांगितलं होतं. पँट ढिली झाली म्हणून गावभर दाखवत फिरलास. लोक म्हणाले, भाऊ जवान झाले.

मला कळलं त्या दिवशी दुपारी मी फुलसावंगीला आले. तुझे गाल आत गेले होते. मी स्वतः ज्वारीची भाकरी थापली, वांग्याची भाजी केली, तुझ्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसले. तू ताट सरकवलंस. मी पुन्हा पुढे केलं. तू पुन्हा सरकवलंस आणि बोललास, "शोभे, मास्तरकी तुया शाळेत. माह्या आंगाचं मले समजते." वहिनी दारात उभी होती. तिनं ताट उचललं, आत नेलं आणि झाकून ठेवलं.  मी संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. तुझं माझं शेवटचं बोलणं ते.

आत काय चाललं होतं ते यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं मला नंतर सांगितलं. खाणं नाही, आणि जी थोडी साखर होती तीही गोळी बाहेर काढत होती. शरीराला जाळायला काहीतरी लागतं. साखर मिळेना, तेव्हा ते चरबी जाळायला लागलं. म्हणून पँट ढिली. चरबी जळते तेव्हा त्यातून आम्ल तयार होतं. धडधाकट माणसात इन्सुलिन त्याला आवरून धरतं. तुझं इन्सुलिन इतक्या वर्षांच्या शुगरनं आधीच थकलेलं, आणि गोळीनं साखर उतरवल्यामुळे शरीर ते अजूनच कमी सोडत होतं. आम्ल साचत गेलं, रक्त आंबत गेलं. हे क्वचित होतं, तो म्हणाला, आणि बहुतेक वेळा टाळता येतं. मी विचारलं, कसं? तो म्हणाला, जेवायचं, आणि जेवण जात नसेल तर गोळी थांबवून यायचं. एवढंच.

तुला उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं, धाप लागली. वहिनी म्हणाली, तोंडाला सडक्या फळासारखा वास येतो, चला पुसदला. तेव्हा तू काय केलंस? कपाटातून ती मशीन काढायला लावलीस. ज्या मशीनला आजवर बोट लावू दिलं नाहीस तिला बोट दिलंस. आकडा आला एकशे सत्तर. शुगरवाल्या माणसाला हा आकडा म्हणजे चांगलाच. तू म्हणालास, पाह्य, शुगर एकदम बराबर, हे पित्त हाय.

दादा, इथे माझं डोकं फिरतं. जन्मभर मशीनला खोटं म्हणणारा तू, नेमका त्या दिवशी मशीनवर विश्वास ठेवलास! मशीन खोटं बोलली नाही. ती साखर मोजते, साखर खरंच कमी होती, गोळीनं तिचं काम केलं होतं. आम्ल ती मोजत नाही. आणि मुंग्याही खोटं बोलल्या नव्हत्या, साखर खरंच बाहेर पडत होती. सगळे खरं बोलत होते, तू एकट्यानं त्याचा उलटा अर्थ लावलास. एकदा नाही, दोनदा. कापूस हातात न घेता भाव सांगणाऱ्या दलालाला तू जी शिवी द्यायचास ती मी इथे लिहीत नाही, पण ती तुझीच आहे असं समज.

गावातल्या डॉक्टरकडे गेलास, तर पोट बिघडलं एवढंच सांगितलंस. नवी गोळी चालू आहे हे सांगितलं नाहीस, जेवण सोडलं हे सांगितलं नाहीस. त्यानं पित्ताचं इंजेक्शन दिलं. तो तरी काय करणार? दोन दिवस असे घालवलेस. यवतमाळला नेलं तेव्हा तू लांब लांब श्वास घेत होतास आणि मला ओळखत नव्हतास. मी तुझ्या कानाशी भांडत होते, तेही तुला कळलं नाही.

मला तुझ्यावर नुसतं चिडूनही राहता येत नाही, हा तुझा अजून एक छळ. माझी पहिली नेमणूक झाली कोलामांच्या पोडावर, म्हणजे आदिवासी पाड्यावर. पोरं माझ्याकडे बघायची आणि तोंड उघडायची नाहीत. मी रडत घरी आले. बाबा म्हणाले, सोड नोकरी. तू आठवडाभर जिनिंगमधल्या कोलाम मजुरांसोबत डबा खाल्लास आणि मला दहा-बारा कोलामी शब्द आणून दिलेस, पाठ करून घेतलेस. मी मोठ्या थाटात वर्गात म्हणून दाखवले. त्यातल्या निम्म्या शिव्या निघाल्या. पोरं हसून हसून जमिनीवर लोळली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायला लागली. मजुरांनी तुला फसवलं की तू मला, हे तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. माझी नोकरी टिकली ती त्या शिव्यांवर. असा माणूस पत्ताकोबी खाऊन मेला हे मी कोणाला सांगू?

आता वहिनीचं ऐक. मी गेल्या आठवड्यात तिच्याकडे राहायला आले. तिची गोळी साधी, जुनी, पांढरी. वहिनीच मागे विचारायची ना, रात्री कोरभर भाकरी खाल्ली तरी सकाळी शुगर कशी चढते म्हणून? लिव्हर रात्रभर आपल्या आपण साखर बनवून रक्तात सोडत असतं, आणि तिची गोळी त्याला आवर घालते. लघवीतून साखर काढायचं काम तिचं नाही. तुझ्या गोळीशी तिचा संबंध नाही. मी हे तिला समजावलं, एकदा नाही, तीनदा. ती ऐकून घ्यायची, हो म्हणायची आणि गोळी तशीच राहायची. मला वाटलं ही घाबरली. म्हटलं, आपण पुसदला जाऊन बाईंना विचारू. नाही म्हणाली.

काल दुपारी मी तिच्या पायाची पट्टी बदलत होते. जखम आणखी खोल गेली होती. माझा तोल गेला. मी ओरडले, पाय कापावा लागेल, कळतं का तुला? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी गोळी घेतली, मले काई झालं नाई, तं लोक म्हणतीन ना, मंग तुमचा माणूस कायनं मेला?"

कळलं तुला? तिला गोळीची भीती नाही. सगळं तिला माहीत आहे, कदाचित माझ्याआधीपासून. गोळी गुन्हेगार असेल तोवर तू निर्दोष. गावात भाऊचं नाव राहावं म्हणून ती स्वतःचा पाय द्यायला बसली होती. जिवंत होतास तोवर तुझं सगळं खरं करत आली, आता मेल्यावरही तेच. तुझ्या हट्टाची झळ तुझ्यापुरती राहिली असती तर मी गप्प बसले असते, पण तू तिला त्यात ओढलंस, आणि तुला त्याचा पत्ताही नाही.

मी पट्टी बांधली. हात धुतले. तिच्यासमोर बसले आणि जे मांडवात कोणी बोललं नाही ते बोलले. "वहिनी, दादाले गोळीनं नाई मारलं. दादा आपल्या हट्टानं मेला."

मला वाटलं ती उठून जाईल, किंवा मला घराबाहेर काढेल. ती म्हणाली की भूक लागली. मी भाकरी वाढली. तिनं पोटभर जेवून घेतलं, मग फळीवरचा डबा काढला, गोळी तळहातावर घेतली आणि तुझ्या खुर्चीकडे वळली. तुझी ती ओट्याच्या दारातली प्लास्टिकची खुर्ची अजून तिथंच आहे, कोणी बसत नाही.

"चुकलं तुमचं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. मग गोळी तोंडात टाकून पाणी प्याली.

दादा, तुझ्या लग्नापासून या घरात तुला हे कोणी म्हटलं नव्हतं. तू असतास तर तिला वाक्य पुरं करू दिलं नसतंस. मला पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं तू नाहीस. आणि ते वाटलं त्याच क्षणी मी अशी रडले की वहिनीला पाण्याचा पेला बाजूला ठेवून, त्या जखमी पायानं जवळ येऊन, मला धरावं लागलं.